मंडईत काढलेले फोटो गिचमिड येतात. लेन्स बदलावी का?

नारायणपेठी

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून पुण्याच्या जुन्या भागात हिंडायचा नाद लागलाय. महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, बोहरी आळी, कधी जुना बाजार. कॅमेरा कॅननचा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर). लेन्स दोन आहेत, १८-५५ मिमीची किट (कॅमेऱ्यासोबत आलेली झूम) आणि ५० मिमी एफ १.८ (झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी). मागचं छान धूसर होतं म्हणून ५०च जास्त वापरतो.

अडचण अशी की तिथं उभं असताना डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत उतरत नाही. मंडईच्या उंच खिडक्यांतून तिरपा उजेड येतो, त्यात कांद्याची सालं उडत असतात, हमाल पाटी डोक्यावर घेऊन वाट काढत असतो. घरी येऊन बघावं तर नुसती डोकी, पाठी आणि पिशव्या. चेहरा जवळून घेतला तर तो पासपोर्ट फोटोसारखा दिसतो, मंडई कुठेच नाही.

तीन प्रचि (प्रकाशचित्रं) देतोय. पहिलं लसूण निवडणाऱ्या मावशींचं, दुसरं पालेभाजीच्या रांगेचं, तिसरं तुळशीबागेतल्या बांगडीवाल्याचं. मोकळेपणाने सांगा. २४ मिमीची पॅनकेक (चपटी छोटी लेन्स) घ्यावी, ५५-२५० ही लांबची झूम घ्यावी, की आणखी काही?

पक्षीवेडा

५५-२५० घ्या, डोळे मिटून. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, २०० ला झूम करायचं. माणसांना कळतही नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचे भाव खरे मिळतात. जवळ गेलं की लोक एकतर पोज देतात नाहीतर तोंड फिरवतात.

सांदण

मंडईत जाऊन भाजी आणलीत की नाही ते आधी सांगा. आमच्या घरी कॅमेरा घेऊन बाहेर पडायची परवानगी कोथिंबिरीच्या जुडीवर मिळते.

प्रचि १ आवडलं. मावशींची बोटं बघत राहावीशी वाटतात.

बोरीबंदर

लेन्स विकत घ्यायच्या आधी थोडा हिशोब करू.

क्रॉप सेन्सरवर तुमची ५० मिमी फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ८० मिमीसारखी वागते (कॅननचा गुणक १.६). आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून बसवायचा, तर त्याच्यापासून सहा-सात मीटर मागे सरकावं लागतं. आता मंडईतल्या दोन गाळ्यांमधली वाट आठवा. सहा-सात मीटर अंतर म्हणजे तुमच्या आणि त्या माणसाच्या मध्ये निदान तीन-चार जण येणारच. म्हणून डोकी आणि पाठी. ते टाळायला तुम्ही पुढे जाता, मग फक्त चेहरा मावतो, म्हणून पासपोर्ट फोटो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

३५ मिमीच्या दृष्टिकोनात (तुमच्या किट लेन्सवर साधारण २२) तोच माणूस तीन मीटरवरून पूर्ण मावतो. तीन मीटरमध्ये कुणी आडवं येत नाही, आणि त्याच्या आजूबाजूचा गाळा, तराजू, वरची खिडकी हे सगळंही फ्रेममध्ये राहतं. म्हणजे हवी ती लेन्स तुमच्याकडेच आहे. १८-५५ लावा, २२ च्या जवळच्या २४ च्या खुणेवर ठेवा आणि झूमच्या रिंगला कागदी चिकटपट्टी लावून टाका. महिनाभर तेवढीच. हळूहळू डोळ्यांना त्या चौकटीची सवय होते आणि कॅमेरा वर उचलायच्या आधीच काय मावणार ते दिसायला लागतं. झूम हातात असलं की ही सवय लागत नाही, कारण प्रत्येक वेळी चौकट वेगळी असते.

पक्षीवेडा, तुमच्या मताचा आदर आहे, पण २०० मिमीने गर्दी काढली की पुढची आणि मागची माणसं एकमेकांवर चिकटवल्यासारखी दिसतात. खरं तर ते लेन्समुळे होत नाही, आपण लांब उभे राहिल्यामुळे होतं. लांबून बघितलं की पुढच्या-मागच्यातला फरक कमी होतो, लेन्स फक्त तेवढा तुकडा मोठा करून देते. ज्याची तक्रार गिचमिडीची आहे त्याला हे औषध चालणार नाही.

पक्षीवेडा

हिशोब पटला, निष्कर्ष पूर्ण पटला नाही. लाजाळू माणसाने तीन मीटरवरून अनोळखी माणसावर कॅमेरा रोखायचा कसा? सगळ्यांचा स्वभाव तुमच्यासारखा नसतो.

काजवा

लांब लेन्सची बाजू मीही घेतो, पण वेगळ्या कारणासाठी. अमेरिकन फोटोग्राफर सॉल लायटरची न्यूयॉर्कमधली रंगीत चित्रं बघा. लांबची लेन्स, पण पुढे मुद्दाम काहीतरी ठेवलेलं असायचं: वाफ धरलेली काच, छत्रीची कड, दुकानाचा पडदा. फ्रेमचा अर्धा-अधिक भाग त्याने भरलेला आणि एका फटीतून लाल छत्री किंवा पिवळी टॅक्सी. लपून चेहरे टिपण्यासाठी तो लांब उभा राहत नव्हता. रंगाचे सपाट तुकडे एकमेकांवर बसवण्यासाठी त्याला ते चपटेपण हवंच होतं. मुंबईच्या पावसात बेस्टच्या खिडकीतून हे फार सुंदर जमतं.

तिसरीघंटा

मी मूळचा नाटकवाला, म्हणून माझं डोकं तसंच चालतं: आधी नेपथ्य लावायचं, मग पात्राच्या प्रवेशाची वाट बघायची. रस्त्यावर बहुतेक जण उलटं करतात. इंटरेस्टिंग माणूस दिसला की त्याच्या मागे धावतात, आणि त्याच्या मागे जे असेल ते फोटोत येतं. बहुतेकदा रिक्षाचं बूड.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा, फ्रान्समधल्या एयेर गावातला फोटो आठवा. वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा कठडा आणि खालच्या गल्लीतून सर्रकन जाणारा सायकलस्वार. जिन्याची वळणं आधीपासून तिथं होतीच. सायकल आली आणि त्या रेघांना जीव आला. हा माणूस जन्मभर मुख्यतः ५० मिमी वापरत राहिला, फुल फ्रेमवर.

तुमच्या प्रचि २ मध्ये पालेभाजीच्या रांगेमागे भिंत कोरी आहे आणि तिच्यावर उजेडाचा चौकोन पडलाय. मी तिथं पंधरा-वीस मिनिटं सहज थांबलो असतो. त्या चौकोनात कोण पाऊल टाकतं तेवढंच बघायचं.

नारायणपेठी

बोरीबंदर, सहा-सात मीटरचा हिशोब वाचून एकदम उलगडा झाला. धन्यवाद. पण किट लेन्स मंद (कमी उजेड घेणारी) आहे ना? मंडईत आत अंधार असतो, फोकस शोधत बसते आणि तोवर माणूस निघून गेलेला असतो.

दिनूकाका

अहो, फोकस शोधू द्यायचाच नाही तिला. आमच्या वेळी लेन्सवर अंतराचे आकडे आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅपर्चरच्या रेघा कोरलेल्या असायच्या. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफ ८ ला ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), काटा तीन मीटरवर आणला, की कुठून कुठपर्यंत स्पष्ट येणार ते लेन्सच सांगायची. कॅमेरा डोळ्याला लावला की दाबायचं. ऊटीच्या कारखान्यातला 'इंदू' ब्रँडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचो. १०० स्पीडचा रोल, भर उन्हात एफ १६ आणि १/१२५ सेकंदाचं शटर, मीटरकडे बघायचं कामच नाही. सावलीत गेलं की छिद्र तीन घरं उघडायचं.

तुमच्या लेन्सवर आकडे नसतील, पण युक्ती तीच. चार पावलं मोजून जमिनीवरच्या एखाद्या वस्तूवर ऑटोफोकस करा आणि लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा. झालं.

बोरीबंदर

काकांना दंडवत. आकडे मी देतो. तुमच्या सेन्सरवर २४ मिमी, एफ ८ आणि फोकस तीन मीटरवर असला तर साधारण पावणेदोन मीटरपासून चौदा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मंडईत याहून जास्त कशाला लागतंय? फुल फ्रेमवर ३५ मिमीला हेच केलं तर पट्टा आखडतो, सुमारे दोन ते सात मीटर. म्हणजे या कामात लहान सेन्सरचा फायदाच आहे.

शटर १/२५० च्या खाली नको, चालत्या माणसाचे हातपाय हलतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात स्थिर करतं, समोरच्याला नाही, हे विसरलं जातं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत गेला तरी जाऊ द्या. रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही (मुद्दाम हलवला असेल तर गोष्ट वेगळी). आणि कॅमेरा बंद करून परत चालू केला की काही नव्या लेन्सचा मॅन्युअल फोकस जागेवर राहत नाही, तेव्हा दर वेळी चार पावलांची तपासणी करा.

कस्तुरी

इथे "जवळ जा, जवळ जा" चाललंय. बाईने कॅमेरा घेऊन जवळ जाणं हे वेगळं प्रकरण असतं, तेही बोलू या. मी दादरच्या फूलबाजारात पहाटे जाते. सुरुवातीला लोक माझ्याकडेच बघायचे, त्यामुळे प्रत्येक फोटोत दहा जोडी डोळे लेन्सकडे. मग मी एका जागी टिकून राहायला लागले. एका झेंडूवाल्याकडून फुलं घ्यायची, त्याच्याशी भाव, पाऊस, गाडी उशिरा आली का असं बोलायचं, आणि त्याच्याच टोपल्यांशेजारी उभं राहायचं. थोड्या वेळात बाजार आपल्याला विसरतो. मग दोन हातांवरून कॅमेरा चालवला तरी कुणाला काही वाटत नाही.

पक्षीवेडा, लाजाळूपणाचं उत्तर माझ्या मते हेच आहे. लांबून चोरून काढलेला फोटो बघणाऱ्यालाही चोरून काढल्यासारखाच वाटतो. आणि कुणी हात हलवून नको म्हणालं तर नको. तिथं वाद घालू नये, फोटो आधीच काढला असेल तर त्यांच्यासमोर पुसावा.

आबोली

कस्तुरीताई, शंभर टक्के. आमच्या पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीत तर घरांवर "फोटो काढू नका" अशा पाट्या लावायची वेळ आली. पिवळ्या-निळ्या भिंती सुंदर आहेत हे खरंच, पण त्या भिंतीमागे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. दारात उभं राहून तासभर पोज देणाऱ्यांमुळे नीट फोटो काढणाऱ्यांनाही आता लोक संशयाने बघतात.

सह्यकडा

फोनवाल्यांनी काय करायचं? माझ्याकडे कॅमेरा नाही.

काजवा

फोनची मुख्य लेन्स बहुतेक २४ ते २६ मिमीच्या आसपासची असते, म्हणजे रस्त्यासाठी उत्तमच. फक्त दोन पथ्यं. चेहरा फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवू नका, ताणला जातो. आणि ०.५ वालं अल्ट्रावाइड शक्यतो नकोच, त्यात रस्ता रिकामा दिसतो आणि माणसं मुंगीएवढी. फोनला तीन मीटरही लांब पडतात, दीडच्या आत जा.

तिसरीघंटा

तिन्ही प्रचि पुन्हा नीट बघितले. थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

प्रचि १: मावशींच्या डोक्यातून मागचा लोखंडी खांब उगवलाय. तुम्ही अर्धं पाऊल डावीकडे असता तर खांब त्यांच्या आणि पोत्यांच्या मध्ये आला असता आणि फ्रेमचे दोन भाग पाडायला उपयोगी पडला असता. उजव्या कडेला कुणाचा तरी मनगटापासून तुटलेला हात आहे. तो पैसे देतोय. हीच तर गोष्ट होती! पूर्ण हात आणि नोट फ्रेममध्ये यायला हवी होती, नाहीतर हात मुळीच नको. क्लिक करायच्या आधी एकदा चारी कडांवरून नजर फिरवायची.

प्रचि २: सगळी डोकी एका ओळीत, कारण तुम्हीही उभे आणि तेही उभे. मंडईत पायऱ्या आहेत. दोन पायऱ्या वर चढलात की डोकी वेगवेगळ्या उंचीवर पसरतात, मधल्या वाटा दिसतात, कोण कुणाकडे जातंय ते कळतं. किंवा उलट करा, खाली बसा. भाजीवाल्या जमिनीवर बसलेल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघितलं की गिऱ्हाइकांचे पाय, पिशव्या, वाकलेले चेहरे यांची चौकट आपोआप तयार होते. उभ्या माणसाने बसलेल्या माणसाचा वरून काढलेला फोटो मला कधीच आवडत नाही. त्यात समोरचा माणूस लहान होतो.

प्रचि ३: हा चांगला आहे. आरशातली मुलगी आणि बांगडीवाल्याचे हात, दोन्ही वेगळे दिसतात, एकमेकांवर चढलेले नाहीत. गर्दीत खरी मेहनत तिथंच असते, दोन आकृत्यांमध्ये बोटभर तरी मोकळी जागा सापडेपर्यंत थांबायचं. हा फोटो एफ ८ ला काढला असता तर मागची गल्लीही वाचता आली असती. धूसर पार्श्वभूमीने तुळशीबाग पुसून टाकली.

रेवा०७

तिसरीघंटा यांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

पक्षीवेडा

मान्य, प्रचि ३ मध्ये गल्ली दिसायला हवी होती. पण माझा एक मुद्दा कुणी घेतलाच नाही. मिरवणुकीत, जत्रेत, जिथं तीन मीटरवर पोचताच येत नाही तिथं काय?

सांदण

जेजुरीचा अनुभव सांगतो. सोमवतीला भंडारा उधळतात तेव्हा लांब झूम घेऊन गेलेल्यांचे हाल बघण्यासारखे असतात. हळदीची पूड इतकी बारीक की झूम आत-बाहेर केलं की हवेबरोबर नळीत शिरते. त्यामुळे एकच फिक्स लेन्स, वर साधा फिल्टर, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि तिथं लेन्स बदलायचं नावही काढायचं नाही. घरी आल्यावर कपड्याने पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा. पुसलं की हळद काचेवर घासली जाते. आणि फोटोचं म्हणाल तर तिथं मी गर्दीच्या आतच असतो, बाहेरून गर्दी दिसते, जत्रा दिसत नाही.

काजवा

गर्दी दाखवायचा आणखी एक रस्ता आहे. रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ चा फोटो. शटर इतकं मंद ठेवलं की लोकलमधून उतरलेली गर्दी रेघारेघांची होऊन वाहते आणि त्यात पेपर वाचत उभी असलेली माणसं दगडासारखी स्थिर. गिचमिडीवर याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही. कॅमेरा कठड्यावर किंवा खांबाला टेकवून अर्ध्या सेकंदाच्या आसपास प्रयोग करून बघा. स्थिर माणूस आधी शोधायचा, म्हणजे पुन्हा तेच, नेपथ्य आधी.

दिनूकाका

उजेडाचंही कुणीतरी बोला. मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे सावली पायाखालीच मावते, टोपी घातलेल्याचा अख्खा चेहरा काळा. डिसेंबरात मात्र पुण्यात ऐन दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे दिवसभर तिरपा उजेड आणि लांब सावल्या. हिवाळा म्हणजे रस्त्याचा हंगाम. उजेडाच्या पट्ट्यावर एक्स्पोजर लावायचं आणि बाकीचं काळं होऊ द्यायचं. त्या काळ्यात निम्मी गिचमीड लपते.

बोरीबंदर

काकांचं शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावावं असं आहे. कॅमेरा स्वतःहून अंधार उजळायला बघतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एकवर आणा, अगदी तापलेल्या उन्हात उणे दीडवर.

काचा आणि चौकटी हाही विषय राहिलाय. रघुबीर सिंह यांनी अ‍ॅम्बेसडर गाडीत बसून भारतभर फोटो काढले. गाडीची खिडकी, पुढची काच, बाजूचा आरसा यांनी एकाच फोटोत तीन-चार तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काहीतरी चाललेलं असतं. सगळं रंगीत, तेही ज्या काळात गंभीर फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असं मानायचे तेव्हा. आपल्या रस्त्यावर एका फ्रेममध्ये एकच गोष्ट घडत नाही, हे त्यांना कळलं होतं. नारायणपेठी, तुम्हाला सगळं साफ करून एकटा माणूस काढायचा नाहीये. भरलेली फ्रेमच हवी आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

नारायणपेठी

मधले दोन रविवार घालवून आलोय. चिकटपट्टी लावली, २४ वर. लेन्स काहीही घेतलेली नाही.

प्रचि ४ देतोय. तीच कोरी भिंत, तोच उजेडाचा चौकोन, साडेआठच्या सुमाराचा. पालेभाजीवाल्या आजींकडून मेथी घेतली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. एफ ८, १/२५०, आयएसओ २०००, उणे एक. आजी डावीकडे, पुढ्यात जुड्या. मध्ये एक हमाल रिकामी पाटी उलटी डोक्यावर घेऊन उजेडात आला आणि त्या पाटीच्या विणीची जाळीदार सावली त्याच्या चेहऱ्यावर पडली. उजवीकडे मागे एक मुलगी वडिलांच्या पिशवीत डोकावतेय. तिघेही वेगळे दिसतात.

कस्तुरी

अहाहा. ती जाळी! आणि आजी तुमच्याकडे बघत नाहीयेत, म्हणजे त्यांनी तुम्हाला शेजारी म्हणून स्वीकारलं. एक प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या.

तिसरीघंटा

मुलीच्या पायाची बोटं खाली कापली गेली आहेत, तेवढं सोडलं तर काही सांगण्यासारखं नाही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

पक्षीवेडा

छान आलाय, मनापासून. ५५-२५० चा सल्ला मंडईपुरता मागे. विसर्जन मिरवणुकीचं मात्र सांगा, नारायणपेठी तिथं जाणारच असतील.

बोरीबंदर

हे पुणेकरच नीट सांगतील. दिनूकाका?

दिनूकाका

मंडईतून निघून बेलबाग चौकातून मिरवणूक लक्ष्मी रोडला लागते आणि पश्चिमेला अलका टॉकीजकडे जाते. सकाळी मानाचे गणपती निघतात तेव्हा सूर्य मिरवणुकीच्या पाठीशी असतो. तुम्ही पुढून येणाऱ्या ढोलांकडे तोंड करून उभे राहिलात तर उजेड समोरून येतो, आणि गुलाल उधळला गेला की हवेतला कण न् कण पेटतो. लेन्सला हूड (नको तो उजेड अडवणारं पुढचं कडं) हवंच. एक्स्पोजर त्या उजळ धुरळ्यावर लावा, ढोलवाले काळे झाले तरी हरकत नाही, हातांचे आकार पुरतात. जागा दुकानाच्या पायरीवरची, आणि ती दुकानदाराला आदल्या दिवशी विचारून ठेवायची. सकाळी नऊनंतर मिळत नाही.